अठराव्या वर्षानंतर काय? बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे शिक्षण आणि काम

विशेष शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना एका तारखेची धास्ती वाटत असते. ती तारीख म्हणजे मुलाचा अठरावा वाढदिवस. शाळेचे दिवस त्या सुमारास संपतात आणि दारात येणारी बस बंद होते. शिक्षकांनी दहा-बारा वर्षे खपून अंगी बाणवलेल्या सवयी घरात टीव्हीसमोर बसून हळूहळू विरून जाऊ लागतात. आईवडील थकत असतात, मूल मात्र आपल्या लेखी 'मूल'च राहते. चाळिशीच्या पुरुषाला आपण 'बाळा' म्हणून हाक मारतो, 'देवाचं लेकरू' म्हणून त्याच्या मस्तकावरून हात फिरवतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. या शब्दांत माया असते यात शंका नाही. परंतु त्याच शब्दांच्या आड त्याला काही शिकवण्याची जबाबदारी आपण टाळत असतो, हेही मान्य करायला हवे.

आरंभीच एक गोंधळ दूर करणे अगत्याचे आहे. अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखाद्या बाबतीत अडखळणाऱ्या, पण एरवी बुद्धीने सर्वसाधारण असलेल्या व्यक्तीला अध्ययन अक्षमता असते. डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार. पूर्वी ज्याला 'मतिमंदत्व' म्हटले जाई, ती बौद्धिक अक्षमता. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक व्यक्ती याच गटात मोडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे केलेली आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः दुसऱ्या गटातील प्रौढांविषयी आहे.

ही माणसे शिकू शकतात काय? या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर अमेरिकेतील मार्क गोल्ड या शिक्षणतज्ज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून मिळाले. ज्यांच्याकडून जेमतेम खोकी भरून घेतली जात, अशा तरुणांना त्याने सायकलचा पंधरा सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. त्याची रीत साधी होती. संपूर्ण कामाचे त्याने लहान लहान टप्पे पाडले, भाग नेमका कसा धरायचा हे कळावे म्हणून त्याची एक बाजू रंगवली आणि तोंडी सूचना शक्य तितक्या कमी केल्या. चुकले तर रागावणे नाही, फक्त 'दुसऱ्या रीतीने करून पाहा' एवढेच सांगणे. विद्यार्थी शिकला नाही, तर उणीव शिकवण्यात आहे असे तो मानत असे. आपल्याकडील किती शिक्षकांना हे पचेल, हा प्रश्न वेगळा!

हीच रीत वसईच्या वाडीत कशी लागू पडेल ते पाहू. सोनचाफ्याची फुले भल्या पहाटे खुडून, मोजून, पाकिटांत भरून दादरच्या बाजारात जातात. समजा, एका पाकिटात दहा फुले भरायची आहेत आणि घरातील तरुणाला दहापर्यंत मोजता येत नाही. आपण म्हणतो, त्याला हे काम जमणार नाही. पण दहा खळगे असलेली एक पाटी करून दिली तर? प्रत्येक खळग्यात एक फूल ठेवायचे, सर्व खळगे भरले की ती फुले पाकिटात घालायची. मोजण्याचे काम पाटीने केले, भरण्याचे त्याने. डागाळलेले फूल वेगळे काढण्यासाठी एक चांगले व एक डागाळलेले फूल नमुना म्हणून समोर ठेवता येईल. हे शिकायला काही आठवडे लागतील, कदाचित महिनेही लागतील. मात्र एकदा हाताला वळण लागले की तेच काम रोज तितक्याच काळजीने करण्याची चिकाटी यांच्यापैकी अनेकांत असते.

महाराष्ट्रात अठरा वर्षांपुढील दिव्यांगांसाठी कर्मशाळा आहेत. तेथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या, पायपुसणी, फाइली तयार होतात. घरात कोंडून राहण्यापेक्षा हे शतपटीने बरे. तथापि दोन मर्यादा दिसतात. पणत्यांना मागणी दिवाळीत, भेटकार्डांना नाताळात. एरवी हात रिकामे. शिवाय गिऱ्हाईक वस्तू घेते ते बहुधा दयेपोटी, आणि दयेपोटी घेतलेली मेणबत्ती माणूस वर्षातून एकदाच घेतो.

म्हणून आता दुसऱ्या पद्धतीवर भर दिला जातो. आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग कधीतरी नोकरी असा क्रम न ठेवता, प्रथम खरी नोकरी मिळवायची आणि प्रशिक्षण त्या जागीच द्यायचे. कारण सोपे आहे. कर्मशाळेतील टेबलावर शिकलेली गोष्ट बेकरीच्या गडबडीत आपोआप वापरता येत नाही. जागा बदलली की यांच्यापैकी अनेकांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे एक प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून उमेदवाराबरोबर कामावर जातो, टप्पे पाडून देतो, सहकाऱ्यांना समजावतो आणि मग हळूहळू मागे सरतो. या मागे सरण्यातच त्याचे खरे कसब असते. तो कायम शेजारी उभा राहिला, तर नोकरी त्याचीच ठरते.

मुंबईला या कार्याची परंपरा आहे. जय नावाच्या आपल्या मुलीसाठी एका दांपत्याने १९४४ साली सुरू केलेली शाळा आज जय वकील फाउंडेशन म्हणून ओळखली जाते. सोफिया महाविद्यालयाच्या आवारातील एस. पी. जे. साधना शाळा १९७३ मध्ये सिस्टर गायतोंडे यांच्या पुढाकाराने उभी राहिली. स्वयंपाक, हस्तकला असे व्यवसायशिक्षण हे तिचे वैशिष्ट्य. २०१८ साली जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने 'कॅफे अर्पण' सुरू केले. तेथे पदार्थ बनवणारे आणि वाढणारे स्वतः दिव्यांग होते. दयेच्या मेणबत्तीपेक्षा ही वाट वेगळी आहे, कारण चहा चांगला नसेल तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

कामाइतकेच महत्त्व प्रौढपणीच्या शिक्षणाला आहे. हे शिक्षण म्हणजे पहिलीचे पुस्तक पुन्हा गिरवणे नव्हे. बसचा क्रमांक ओळखणे, घरचा फोन लावणे, दहाची व शंभराची नोट वेगळी ओळखणे, स्वतःचे कपडे धुणे, पाळीच्या दिवसांत काळजी घेणे ही त्याची सामग्री. आणि 'नाही' म्हणायला शिकणे! मोठ्यांचे ऐकावे, एवढेच आपण त्यांना जन्मभर शिकवतो. मग कोणी अंगाला अनुचित स्पर्श केला, तर ती मुलगी गप्प राहते, कारण ती आज्ञाधारक आहे. पालकांना हा विषय अवघड वाटतो, तरीही तो टाळून चालणार नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९९५च्या कायद्यात नोकऱ्यांतील ३ टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग व्यक्तींपुरते होते. २०१६च्या कायद्याने ते ४ टक्के केले. त्यातील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांसाठी आहे. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. स्पर्धापरीक्षेच्या वाटेने बौद्धिक दिव्यांगांना त्याचा लाभ फारसा मिळेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्यासाठी शेजारची बेकरी, छापखाना, रोपवाटिका हीच खरी आशा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेता येते. याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे. केवळ अध्ययन अक्षमता असलेल्या व्यक्ती मात्र या न्यासाच्या कक्षेत येत नाहीत. आरंभी केलेला भेद येथे उपयोगी पडतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात एक संपूर्ण परिच्छेद (क्र. २२) दिव्यांगांच्या कामाला वाहिलेला आहे. त्यांना त्यांच्या क्षमतेनुसार काम मिळावे, असे त्यात आवर्जून म्हटले आहे. आपल्या धर्मग्रामांच्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, मेणबत्त्यांची दुकाने आहेत. तेथे एक जागा काढणे अशक्य नाही.

मात्र जागा काढली तर पगारही द्यावा. 'त्याचा वेळ जातो, तेवढंच पुरे' असे म्हणून हातावर खाऊचे पैसे ठेवू नयेत. बँक खाते त्याच्या नावाचे असावे, आणि महिन्याच्या पगारातून पहिली खरेदी कोणती करायची, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. मग त्याने सगळ्या पैशांचे आइस्क्रीम घेतले तरी पहिल्या महिन्यात कोणी बोलू नये. हिशेब दुसऱ्या महिन्यापासून शिकवता येतो.