पुरू इथला आणि आफ्रिकेतला

आम्हा पनवेलकरांना पूर्वेकडे माथेरानचा डोंगर रोजच दिसतो. त्याच माथेरानात १९ मे १९३८ रोजी गिरीश कर्नाड जन्मले, हे मात्र आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. घरची भाषा कोकणी, सुरुवातीचे शिक्षण मराठीत आणि नाटके लिहिली कानडीत! 'तुघलक', 'हयवदन' यांचा बोलबाला पुष्कळ झाला. मला राहून राहून आठवते ते त्यांचे पहिले नाटक, 'ययाति'.

१९६० साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून कर्नाड ऑक्सफर्डला निघाले. त्या काळी परदेशी जाणे म्हणजे केवढे प्रकरण! मुलगा परत येईल ना, तिकडेच लग्न करून बसणार नाही ना, या काळजीने घरचे धास्तावले. त्या ताणात महाभारतातली कथा त्यांच्या मनात नाटक होऊन उतरली. बापाचे म्हातारपण तरुण मुलाने अंगावर घ्यायचे! ययाति आपल्याला भेटला तो खांडेकरांच्या कादंबरीतून. कर्नाडांनी मात्र पुरूची नवी नवरी चित्रलेखा उभी केली. एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा तिला स्वीकारवत नाही. ती विष घेते.

असाच एक पुरू पश्चिम आफ्रिकेत सापडतो. नायजेरियाचे वोले सोयिंका कर्नाडांहून चार वर्षांनी मोठे. तेही इंग्लंडात शिकले आणि मायदेशी परतले. यादवीच्या काळात, १९६७ ते १९६९, त्यांनी सुमारे बावीस महिने तुरुंगवास सोसला. १९८६ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. त्यांचे 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' हे नाटक १९७५ सालचे. राजा वारला की त्याच्या घोडेस्वार सरदाराने मागोमाग प्राण द्यायचे, अशी योरुबा लोकांची जुनी रीत. सरदार एलेसिन जगण्याच्या मोहात रेंगाळतो. त्यातच इंग्रज अधिकारी त्याला अडवतो. इंग्लंडात डॉक्टरकी शिकणारा मुलगा ओलुंडे घरी आलेला असतो. कुळाची अब्रू राखायला बापाऐवजी तोच मरण पत्करतो.

हे दोन्ही बाप दुष्ट नाहीत. त्यांना जगणे सुटत नाही, एवढेच. किंमत मात्र मुलगा मोजतो.

माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतली मुले आज परदेशी आहेत. फोनवर आपण सहज विचारतो, "परत कधी येणार रे?" त्यात माया किती आणि मागणी किती, हे आम्ही आईबापांनी एकदा तपासून पाहावे. पुरू हो म्हणाला, म्हणून ययातीचे मागणे रास्त ठरत नाही.