घरबसल्या आकाशाचें वार्तापत्र

छंद म्हटला कीं त्यांत वेळ जातो, पैसा जातो आणि हातीं लागतें तें केवळ मनाचें समाधान, अशी आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतून एक समजूत आढळते. ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु कांहीं छंद असे असतात कीं, त्यांचें समाधान एकट्याच्या घरांत कोंडून राहत नाहीं. आकाशांतील ग्रहतारे आणि अंतराळांत चाललेलीं यानें ह्यांविषयींची नेमकी बातमी दर पंधरवड्यास वा महिन्यास ईमेलनें स्नेह्यासोबत्यांस धाडणें, हा अशांपैकींच एक छंद होय. छापखान्याचें बिल नाहीं, टपालाचीं तिकिटें नाहींत, वर्गणीचा तगादा नाहीं. गोदातीरीं पुणतांब्यास बसून एखाद्या निवृत्त शिक्षकानें पत्र लिहिलें, तर तें पुण्यास, नागपुरास आणि सातासमुद्रांपलीकडील आप्तांस एकाच वेळीं पोहोंचतें. इतकें सोपें झालेलें हें काम किती जबाबदारीचें आहे, ह्याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. तो येथें करावयाचा आहे.

पुणतांबें हें नांव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याबाहेरील वाचकांस दौंड-मनमाड लोहमार्गावरील शिर्डी-फाट्याचें स्थानक म्हणून, किंवा जून २०१७ मध्यें येथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळें ठाऊक असेल. जुन्या पिढीस तें चांगदेवांच्या समाधीमुळें ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास बसलेल्या ह्या योग्यास मायना काय घालावा हें सुचेना, तेव्हां त्यांनीं कोराच कागद धाडला, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांसहि माहीत असते. कथेचा आध्यात्मिक अर्थ थोरांनीं सांगितलाच आहे. वार्तापत्र लिहिणारानें त्यांतून एक साधा व्यावहारिक बोधहि घ्यावा. निश्चित असें कांहीं लिहितां येत नसेल, तर कागद कोरा ठेवलेला बरा.

चांगदेव ह्याच नांवाचा दुसरा एक पुरुष ज्योतिषाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. ह्या दोघांची गल्लत होऊं देऊं नये. हा दुसरा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन पुढें चालावें म्हणून त्यानें चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. तेथील इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं उजेडांत आणला. विद्या एका घरांत न ठेवतां ती चार लोकांत चालूं ठेवण्याची व्यवस्था करावी, ही बुद्धि आपल्या प्रांतांत आठशें वर्षांपूर्वीं होती, हें त्यावरून दिसतें.

शिक्षकांनीं चालविलेली परंपरा

आधुनिक काळांत ही परंपरा मुख्यतः शिक्षकांनीं चालविली. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ ह्या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शिक्षक होते. पंडितांसाठीं तो मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या ह्याच गृहस्थांनीं सामान्य वाचकांसाठीं ‘ज्योतिर्विलास’ हें सुबोध पुस्तकहि लिहिलें.

व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) ह्यांचें उदाहरण तर आपल्या विषयास फारच जवळचें आहे. तेहि शिक्षकच. पंचांगगणितावरील त्यांचे ग्रंथ आणि चित्रापक्षाचा त्यांनीं धरलेला आग्रह जुन्या घरांतून अजूनहि आठवला जातो. ह्या गृहस्थांनीं फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या मासिकांत १९११ सालीं एक लेख प्रसिद्ध केला आणि नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असें गणितानें मांडलें. त्यांतील ‘ब्रह्मा’ ह्या ग्रहाचें सूर्यापासूनचें अंतर त्यांनीं पृथ्वीच्या अंतराच्या सुमारें ३९ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारें २४२ वर्षें दिला होता. पुढें फेब्रुवारी १९३० मध्यें अमेरिकेंत क्लाइड टॉम्बॉ ह्यांस प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट व प्रदक्षिणाकाल २४८ वर्षें भरला.

आतां ही हकीकत वार्तापत्रांत कशी लिहावी? ‘प्लूटोचा शोध मराठी माणसानें लावला’ असा मथळा देण्याचा मोह कोणासहि होईल, आणि असें पत्र वाचक आनंदानें दहा ठिकाणीं पुढें धाडतीलहि. पण तें खरें नव्हे. टॉम्बॉ ह्यांनीं आकाशाच्या एकाच भागाचीं निरनिराळ्या रात्रींचीं छायाचित्रें ताडून पाहत प्लूटो हुडकला. केतकरांचे आंकडे घेऊन नव्हे. शिवाय २००६ सालापासून प्लूटोची गणना मुख्य ग्रहांत होत नाहीं. दूरदर्शकाच्या बळावर नव्हे, तर लेखणी व कागद ह्यांच्या बळावर एका मराठी शिक्षकानें आपलें गणित पॅरिसपर्यंत नेलें, एवढीच गोष्ट पुरेशी अभिमानास्पद आहे. तिला खोट्या अलंकारांची गरज नाहीं.

पुढें २२ ऑगस्ट १९४४ रोजीं पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आपल्या देशांत आज चालूं असलेल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थांत ती जुन्यांत जुनी गणली जाते. अशा संस्थेच्या सभासदांस एकमेकांचा सहवास आणि दुर्बिणी तरी मिळतात. आडगांवच्या निरीक्षकास मात्र पत्र हाच सत्संग.

परदेशांतील दोन हौशी

अंतराळयानांविषयींचें वार्तापत्र एकटा मनुष्य किती चिकाटीनें चालवूं शकतो, हें पाहावयाचें असेल तर जोनाथन मॅकडॉवेल ह्यांच्याकडे पाहावें. अमेरिकेंतील हार्वर्ड-स्मिथ्सोनियन केंद्रांत क्ष-किरण ज्योतिषाचें काम करीत असतांना ह्या गृहस्थांनीं १९८९ सालीं स्वतःच्या हौसेनें अंतराळवार्तेचें एक पत्र सुरू केलें, आणि तें विनामूल्य वाटलें. कोणतें यान केव्हां उडालें, कोणत्या कक्षेंत गेलें, केव्हां खालीं आलें, ह्याची रोकडवही लिहावी तशी नोंद त्यांत असते. अशा कोरड्या नोंदींसाठींच जगांतील वृत्तपत्रें त्यांच्याकडे विचारणा करूं लागलीं.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील केटरिंग येथील एका शाळेचें. तेथील शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रेडिओयंत्रावर रशियन उपग्रहांचे संकेत ऐकून त्यांच्या वेळा टिपून ठेवीत. १९६६ सालीं कांहीं उपग्रहांचा मार्ग त्यांस निराळा वाटला. मागें गणित करीत गेल्यावर हे उपग्रह ठाऊक असलेल्या तळावरून उडालेच नाहींत असें दिसून आलें, आणि प्लेसेत्स्क येथील गुप्त प्रक्षेपणतळ जगास कळला. सोव्हिएत सरकारनें त्याचें अस्तित्व पुढें कित्येक वर्षें उघड मान्य केलें नव्हतें. घड्याळ नीट लावलेलें होतें आणि नोंद चुकविलेली नव्हती, हेंच त्या मुलांचें भांडवल.

मंगळाची अफवा

आतां दुसरी बाजू पाहूं. २७ ऑगस्ट २००३ रोजीं मंगळ पृथ्वीपासून सुमारें ५ कोटी ५८ लक्ष किलोमीटरांवर आला. इतका जवळ तो सुमारें साठ हजार वर्षांत आला नव्हता. त्या सुमारास एक ईमेल जगभर फिरली. मूळ मजकूर असा होता कीं, पंचाहत्तर पट मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणींतून पाहिल्यास मंगळ नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा दिसेल. हें गणित बरोबर आहे. मंगळाचें बिंब तेव्हां सुमारें पंचवीस विकलांचें होतें. त्यास पंचाहत्तरनें गुणिलें कीं एकतीस कला होतात, आणि चंद्राचें बिंबहि साधारण तेवढेंच असतें. परंतु पत्र पुढें धाडतां धाडतां दुर्बिणीचा उल्लेख गळाला आणि ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ एवढेंच उरलें. पुढें सालहि गळालें. मग पुढील कित्येक वर्षें दर ऑगस्टांत तीच बातमी नव्यानें फिरूं लागली.

ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. तरी हानि झालीच. आजोबांच्या शब्दावर विश्वास ठेवून नातवंडें गच्चीवर गेलीं, आणि दिसला तो केवळ एक तांबूस ठिपका. त्या मुलांच्या मनांत ‘शास्त्रवाले कांहींहि सांगतात’ असें एकदां बसलें, कीं तें काढणें कठीण. वार्तापत्र लिहिणाराच्या हातीं वाचकांची हीच ठेव असते. ती एका चुकीच्या वाक्यानें बुडते.

पाहिलें, गणिलें, ऐकिलें

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक पत्राचे तीन भाग ठरवून टाकावे. पहिल्यांत स्वतः डोळ्यांनीं पाहिलें तें. दुसऱ्यांत गणितानें काढलें तें. तिसऱ्यांत इतरांकडून कळलें तें, कोणाकडून कळलें ह्या उल्लेखासह. ह्या तीन भागांची सरमिसळ होऊं देऊं नये.

पहिल्या भागांत लहान गांवाची बाजू बळकट असते. पुणतांब्यास शिर्डीच्या दिव्यांचा उजेड पश्चिमेच्या क्षितिजाशीं थोडा आड आला, तरी मोठ्या शहराच्या मानानें डोक्यावरील आकाश पुष्कळच काळें मिळतें. फेब्रुवारींत रात्रीं नऊच्या सुमारास दक्षिणेस क्षितिजापासून सतरा-अठरा अंशांवर अगस्त्य झळकतो. उत्तरेस ध्रुव सुमारें पावणेवीस अंशांवर असतो, कारण गांवचा अक्षांशच तेवढा आहे. मे महिन्याच्या १९-२० तारखेच्या आणि जुलैच्या २४-२५ च्या सुमारास मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येऊन अंगणांतील उभ्या काठीची सावली नाहींशी होते. ही मौज दाखवावयास एक पैचाहि खर्च नाहीं. जुलैंत मात्र ढगांची मर्जी सांभाळावी लागते.

दुसऱ्या भागांत स्थलकालाचें भान हवें. भारतीय प्रमाण वेळ साडेब्यांशीं रेखांशाची. पुणतांब्याचा स्थानिक काळ तिच्या सुमारें अर्धा तास मागें, तर मुंबईच्या सुमारें सात मिनिटें पुढें. मुंबईकरितां छापलेला सूर्यास्त किंवा चंद्रोदय जसाच्या तसा उतरवून दिला तर वाचक चुकीच्या वेळीं अंगणांत उभे राहतील. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारें चारशें किलोमीटर उंचीवरून दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतें; संध्याकाळीं वा पहाटे तें आपल्या आकाशांतून जातें तेव्हां सारा देखावा पांचसहा मिनिटांत आटोपतो. येथें पांच मिनिटांची चूक म्हणजे सर्वच गमावणें. जून-जुलै २०२५ मध्यें शुभांशु शुक्ला ह्या स्थानकावर राहून आले. तेथें जाणारे ते पहिले भारतीय. अशा वेळीं तो सरकता ठिपका ‘आपल्या माणसाचें घर’ म्हणून मुलांस दाखवितां येतो.

तिसऱ्या भागाची परीक्षा चांद्रयानांच्या वेळीं झाली. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रापासून सुमारें दोन किलोमीटरांवर असतांना ‘विक्रम’शीं संपर्क तुटला. त्या सकाळीं निश्चित होतें तें एवढेंच. त्यापुढील तर्क छापणाऱ्यांस नंतर ते मागें घ्यावे लागले. त्याच यानाचा एक तुकडा पुढें चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन ह्या हौशी अभियंत्यानें नासानें प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत शोधून काढला आणि पत्रानें कळविला. नासानें पडताळा घेऊन डिसेंबर २०१९ मध्यें त्याचें श्रेय त्यास जाहीरपणें दिलें. जुनीं व नवीं चित्रें शेजारीं ठेवून बिंदु बिंदु ताडणें, हीच त्याची पद्धति. टॉम्बॉची होती तीच.

चातुर्मासांत आकाश मेघांनीं झांकलेलें असतें. तेव्हां पत्र बंद ठेवावें काय? मुळींच नाहीं. चांद्रयान-३ हें १४ जुलै २०२३ रोजीं उडालें आणि २३ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं सहा वाजून चार मिनिटांनीं चंद्राच्या दक्षिण भागांत उतरलें. तें सारें भर पावसाळ्यांत. ढगांच्या दिवसांत यानांची हकीकत, जुन्या ज्योतिषांचीं चरित्रें आणि वाचकांच्या शंकांचीं उत्तरें द्यावीं.

घरांतील वाचक

हें पत्र स्वयंपाकघरांतहि वाचलें जावें अशी दृष्टि ठेवावी. २ ऑगस्ट २०२७ चें सूर्यग्रहण महाराष्ट्रांत खंडग्रास दिसावयाचें आहे. अशा वेळीं ‘गर्भवतीनें चिरूं नये’ ह्यासारख्या समजुतींवर कडक टीका करून घरांतील वडील मंडळींस दुखविण्यापेक्षां, पुठ्ठ्यास बारीक भोंक पाडून सूर्याची ग्रासलेली प्रतिमा भिंतीवर कशी पाडावी हें सांगावें. सासूबाईंनीं ती एकदां स्वतः पाहिली, कीं निम्मा वाद मिटतो. मात्र उघड्या डोळ्यांनीं, काजळी धरलेल्या कांचेंतून वा साध्या गॉगलमधून सूर्याकडे पाहूं नये, ही ताकीद ठळक द्यावी. येथें भिडेस जागा नाहीं.

आणखी दोन लहान नियम. ज्याची संमति नाहीं त्यास पत्र धाडूं नये, आणि नको म्हणणाराचें नांव त्याच दिवशीं यादींतून काढावें. सर्वांचे पत्ते सर्वांस दिसतील अशा रीतीनेंहि पत्र धाडूं नये. आपल्यावर विश्वासून दिलेला पत्ता चव्हाट्यावर मांडण्यासारखेंच तें आहे.

वाचक बारा असोत कीं बाराशें, त्यांत फरक मानूं नये. वृत्तपत्रांस घाई असते. घरगुती पत्रास ती नसते, आणि हेंच त्याचें खरें बळ. बातमी एक दिवस उशिरां गेली तरी चालेल, पण वाचकानें सांगितलेल्या दिवशीं, सांगितलेल्या वेळीं, सांगितलेल्या दिशेस मान वर केली असतां तेथें तो तारा दिसला पाहिजे. तो दिसला, कीं पुढच्या महिन्याचें पत्र तो मुलांस हांक मारून वाचून दाखवील.