आवर्तसारणीतील गणगोत

आवर्तसारणी म्हटली, की अनेकांना परीक्षेपुरती पाठ केलेली मूलद्रव्यांची नावे आठवतात. तिच्यातील उभे स्तंभ म्हणजे 'गण' आणि आडव्या ओळी म्हणजे 'आवर्तने', एवढे पुढेही लक्षात राहते. मात्र एका स्तंभात अमुकच मूलद्रव्ये का बसवली, हा प्रश्न बहुधा सुटून जातो. तो केवळ पाठ्यपुस्तकातील प्रश्न नव्हे. त्याच्या उत्तराशी माणसांच्या जगण्यामरण्याचा संबंध आलेला आहे.

रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली तोवर ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली. ठरावीक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा दिसतात, हे त्यांनी ओळखले आणि तशी मूलद्रव्ये एकाखाली एक येतील अशी रचना केली. हे साम्य कशामुळे, हे मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. कारण इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ साली, जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून लागला. अणूची रचना उलगडल्यानंतर या कोड्याचे उत्तर मिळाले.

अणूतील इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती वेगवेगळ्या कवचांमध्ये विभागलेले असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांना 'संयुजा इलेक्ट्रॉन' म्हणतात. दोन अणू एकमेकांजवळ येतात तेव्हा देवाणघेवाण किंवा भागीदारी होते ती याच इलेक्ट्रॉनांची. आतील कवचे त्या व्यवहारात सहसा पडत नाहीत. सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी आहे, तर पोटॅशियमच्या १९ इलेक्ट्रॉनांची २, ८, ८, १ अशी. एकूण संख्या भिन्न असली, तरी बाहेर दोघांकडेही एकच इलेक्ट्रॉन आहे. तो सहज देऊन टाकण्याची दोघांचीही प्रवृत्ती असते. म्हणूनच पाण्याशी दोघेही जोमाने अभिक्रिया करतात आणि पहिल्या गणात एकत्र बसतात.

यावरून एक सोपा नियम हाती येतो. पहिल्या व दुसऱ्या गणात गणाचा क्रमांक हीच संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या असते. तेरा ते अठरा या गणांत क्रमांकातून १० वजा करावे. क्लोरीन १७व्या गणात आहे, म्हणजे त्याच्या बाह्यतम कवचात सात इलेक्ट्रॉन आहेत. अष्टक पूर्ण होण्यास एकच कमी असल्याने ते दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन घेण्यास उत्सुक असते. अठराव्या गणातील निऑन व अरगॉन यांचे अष्टक पूर्ण असल्याने ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. त्याच गणातील हेलियमकडे मात्र दोनच इलेक्ट्रॉन असतात, कारण त्याचे एकमेव कवच तेवढ्यानेच भरते. तीन ते बारा या गणांतील संक्रमण मूलद्रव्यांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनही बंधात भाग घेतात. त्यामुळे तेथे हा सरळ हिशेब चालत नाही.

आता दुसऱ्या गणाकडे पाहू. यात कॅल्शियम, त्याखाली स्ट्रॉन्शियम आणि तळाशी रेडियम आहे. कवचे अनुक्रमे चार, पाच आणि सात. पण बाहेरचे इलेक्ट्रॉन सर्वांकडे दोनच. ते गमावले, की तिघांचेही दुहेरी धनप्रभारित आयन बनतात. शरीर हाडे घडवताना कॅल्शियमचे असे आयन वापरते, आणि त्याच गणातील दुसरे मूलद्रव्य समोर आले तर त्याची फसगत होऊ शकते.

अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे १९१७ पासून तरुण स्त्रिया घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त, अंधारात चमकणारा रंग भरत असत. कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करण्याची पद्धत होती. प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई आणि त्यातील काही भाग कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसे. तेथून सतत होणाऱ्या किरणोत्सर्गाने अनेकींचे जबडे झिजले, रक्तक्षय झाला, हाडांचे कर्करोग झाले. पाच स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९२८ साली कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

पुढे वातावरणातील अणुचाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० सर्वत्र पसरले. गवतातून गायींत, दुधातून मुलांत आणि तेथून हाडे व दातांत, असा त्याचा प्रवास झाला. सेंट लुईस येथे १९५८ पासून संशोधक व नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, तेव्हा त्यांतील स्ट्रॉन्शियम-९० चे प्रमाण वाढत गेल्याचे दिसून आले. १९६३ साली हवेतील, पाण्याखालील व अवकाशातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यामागील जनमत घडवण्यात या दातांचाही वाटा होता.

हेच साम्य उपकारकही ठरले आहे. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरतो, तेव्हा तेथे नवे हाड वेगाने बनत असते. सुमारे ११ दिवसांचे अर्धायुष्य असलेले रेडियम-२२३ शिरेतून दिले, की ते कॅल्शियमप्रमाणे नेमके तेथेच ओढले जाते. त्याच्या अल्फा किरणांचा पल्ला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असल्याने घाव मुख्यतः रोगट पेशींवर बसतो. अमेरिकेत या औषधाला २०१३ साली मान्यता मिळाली.

तबकड्या रंगवणाऱ्या स्त्रियांच्या हाडांत रेडियम ज्या दोन इलेक्ट्रॉनांमुळे शिरले, त्याच दोन इलेक्ट्रॉनांच्या आधारे आज ते रुग्णाच्या हाडांपर्यंत पोहोचवले जाते. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या गणाचा स्तंभ पाठ करताना एवढे ध्यानी ठेवले, तरी ती केवळ नावांची यादी राहणार नाही.