छावणीचा खर्च आणि पैनगंगेची सीमा

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे आजही लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. ती उरली आहेत १८१९ ते १९०३ या काळात इथे असलेल्या लष्करी छावणीपासून. जिल्ह्याचा वारसा म्हटला की औंढ्याचे नागनाथ मंदिर आणि नामदेवांची नर्सी यांची नावे पुढे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण या मुलखाला आणखी एक वारसा आहे, तो सरहद्दीचा. त्याला मंदिराचा कळस नाही, यात्रा नाही, आणि त्याचा पुरावा एका जागीही नाही. ज्या ज्या सत्तांनी ही सरहद्द आखली, सरकवली आणि पुसली, त्या त्या सत्तेच्या दप्तरात त्याचा एकेक तुकडा पडून आहे. म्हणूनच हा वारसा जपण्याचे काम सरकारी खात्यापेक्षा स्थानिक इतिहास मंडळच नीट करू शकेल, असे माझे म्हणणे आहे.

सरहद्द इथे कशी आली, हे आधी पाहू. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. म्हणजे त्या वेळी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर निजामाचाच अंमल होता आणि हिंगोलीजवळ राज्याची सीमा अशी नव्हतीच. प्रश्न होता तो बंदोबस्ताचा. उमरखेड-हदगावच्या बाजूला हटकर नाईकांचे बळ मोठे होते. त्यांच्यातल्या नोवसाजी नाईकांनी निजामाला आणि त्याच्या इंग्रज सल्लागारांना न जुमानता नाव्ह्याचा किल्ला लढवला. तो जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या फौजेने वेढा घालून घेतला. ही फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची होती. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये उभी केलेली रसेल ब्रिगेड तिचाच भाग. पुढे या फौजेला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले आणि तिच्या मुख्य ठाण्यांपैकी एक हिंगोलीत बसले.

खरी गंमत यापुढे आहे, आणि गंमत हा शब्द मी निजामाच्या खजिनदाराची क्षमा मागून वापरतो. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना. पगार थकले, कंपनीचे कर्ज चढत गेले, आणि १८५३ च्या तहात त्या खर्चाच्या फेडीसाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावा लागला. दुआब आणि नळदुर्ग १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र गेला तो गेलाच. पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी अंमल, अलीकडे निजामी, अशी रेघ पडली. सरहद्दीवर छावणी बसते हे कुठेही दिसते. इथे आधी छावणी बसली आणि तिच्या खर्चापायी सरहद्द तिच्या उशाशी आली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, लगेच कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी उठली. रेघ मात्र राहिली. निजामाच्या रेल्वेचा फाटा पूर्णेहून हिंगोलीपर्यंत येऊन थांबत असे. अकोल्याकडून येणाऱ्या मार्गाशी तो जोडला गेला स्वातंत्र्यानंतर.

आता या साऱ्याचे कागद शोधायचे तर कुठे जावे? निजामी दप्तर हैदराबादला, आधी फारसीत आणि पुढे उर्दूत. रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, कंपनीचे लंडनला, आणि वऱ्हाडच्या कारभाराचे धागे नागपूरकडे. त्यात कारभाराच्या हद्दीही बदलत गेल्या: १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. पुराभिलेख खाते आहे, पुरातत्त्व खाते आहे, मग मंडळाची उठाठेव कशाला, असा आक्षेप इथे येतो. त्यात तथ्य आहे. जुन्या वास्तूला कायद्याचे संरक्षण खातेच देऊ शकते. पण खाते आपल्या ताब्यातले कागद सांभाळते. दुसऱ्या राज्यातल्या दप्तराशी गावातल्या एका वाड्याचा संबंध लावून पाहणे हे त्याचे काम नाही, आणि पेन्शनपुऱ्यातल्या एखाद्या घरातले नेमणूकपत्र, मोडीतले खरेदीखत किंवा उर्दू सनद त्याच्यापर्यंत पोचतही नाही.

असे काम जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९२६ च्या अखेरीस इतिहाससंशोधक राजवाडे गेले आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा दस्तऐवजांचा संग्रह पुण्याला न नेता तिथेच राखला गेला आणि मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले. पैनगंगेपलीकडे यवतमाळात य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमाने हस्तलिखितांचे असेच काम केले. हिंगोलीच्या मंडळाला पहिली गरज इमारतीची नाही. मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसे, कागदाची छायाप्रत काढून मूळ प्रत घरमालकाला परत देण्याची शिस्त, आणि वाशीम-यवतमाळकडच्या अभ्यासकांशी नाते, एवढे आधी हवे. पडताळून पाहण्यासारखे प्रश्न तर समोरच आहेत. हिंगोलीचा दसरा आणि त्यातली रामलीला दीडशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगतात. कंटिंजंटच्या पायदळात उत्तर हिंदुस्थानी शिपाई बरेच होते. मराठवाड्याच्या उत्तर काठावर रामलीला रुजली, तिचा या शिपायांशी काही संबंध होता का? तर्क मोहक आहे, म्हणूनच तो कागदाशिवाय मान्य करू नये.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. परक्या पलटणीची आठवण जपायची कशासाठी? उत्तर असे की ती जपली नाही, तर तिच्याविषयी तिनेच लिहिलेले तेवढे शिल्लक राहते. निजामाच्या नोकरीतला फिलिप मेडोज टेलर १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगतो की हिंगोलीतला हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी हाच ठगांचा म्होरक्या निघाला. त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून मुंबईच्या कापडासाठी परवाना घेतला, ते कापड आणणाऱ्या व्यापाऱ्याला वाटेत मारले आणि तोच माल छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खून झाले असेही टेलर लिहितो. हकीकत रंगतदार आहे, पण सांगणारा कादंबरीकार आहे, आणि ठगांविषयीचा बराचसा पुरावा माफीच्या साक्षीदारांच्या तोंडचा असल्याने इतिहासकार तो जपून वापरतात. नोवसाजी नाईकांचेही तसेच. इंग्रजी कागदात ते बंडखोर, तर आपल्या समाजाच्या आठवणीत स्वातंत्र्याचे लढवय्ये. मंडळाने यातली एक बाजू निवडून पुतळा उभारू नये; दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

शिवाय ही सरहद्द काही फक्त इंग्रजांच्या आणि निजामाच्याच उपयोगी पडली नाही. १९४७-४८ मध्ये निजामाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी उमरखेडसारख्या ठिकाणी, पैनगंगेपलीकडच्या भारतीय हद्दीत, आपली शिबिरे उभारली. कर्जापायी पडलेली १८५३ ची रेघ त्या वेळी त्यांच्या कामी आली. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्या काळात रात्री नदी ओलांडणाऱ्यांना भाकरी देणारी, निरोप पोचवणारी घरे मात्र कोणत्याच सरकारी दप्तरात सापडणार नाहीत, आणि त्यांची हकीकत ऐकलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मंडळ आज स्थापन झाले, तरी छावणीचे कागद हैदराबादला किंवा लंडनला आणखी दहा वर्षे थांबू शकतील. त्यामुळे कामाची सुरुवात छावणीपासून न करता कळमनुरी आणि सेनगावच्या नदीकाठच्या गावांमधून करावी.