दुर्बीण कोणाच्या हाती द्यावी?

पावसाळा सरला की चोडणच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याकडे पक्षीनिरीक्षकांची पावले वळतात आणि चार महिने कपाटात राहिलेली दुर्बीण बाहेर निघते. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. गोव्याच्या दमट हवेत, बंद चामडी पिशवीत ती सहज वाढते. तिच्यातून स्रवणाऱ्या आम्लाने भिंगावरील लेप एकदा खाल्ला गेला, की पुसूनही डाग जात नाही. त्यामुळे दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलू नये.

चष्म्याच्या दुकानात फार तर बाहेरील काच स्वच्छ होईल. आतील लोलकांचे काम निराळे. ते जाणणारा कारागीर बहुधा कॅमेरा दुरुस्तीच्या जुन्या दुकानात, किंवा महाविद्यालयांचे सूक्ष्मदर्शक आणि भूमापनाची थिओडोलाइट यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे सापडतो. दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर कसे करणार, हे त्याला आधी विचारावे. लोलक केसभर सरकला तरी दोन चित्रे जुळत नाहीत, डोळे ताणले जातात, डोके दुखते. उत्तर देताना जो घुटमळेल, त्याच्याकडे दुर्बीण ठेवू नये. नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण असल्यास वायू पुन्हा भरण्याची सोय आहे का, हेही पाहावे. नसेल तर उघडलेल्या दुर्बिणीत पुढे आतून बाष्प धरते.

दुर्बीण परत घेताना दूरच्या विजेच्या तारेकडे पाहावे आणि ती हळूहळू डोळ्यांपासून दूर न्यावी. दोन्ही नळ्यांत तार एकाच उंचीवर दिसली, तरच पैसे मोजावेत.