‘अ’ की ‘ब’? निवड-प्रयोगाबद्दलचे गैरसमज

प्रवासात वाचलेला तास लोकांना किती रुपयांचा वाटतो, हे नवा रस्ता किंवा मेट्रो आखणाऱ्याला कळायला हवे. थेट विचारले तर माणूस मनाला येईल तो आकडा सांगतो. म्हणून प्रश्नावलीत काल्पनिक पर्यायांची जोडी मांडतात: ‘अ’ला 50 मिनिटे आणि 30 रुपये, ‘ब’ला 35 मिनिटे आणि 60 रुपये, कोणता घ्याल? अशा आठ-दहा जोड्या प्रत्येकापुढे ठेवतात. पर्याय दोनच, त्यामुळे हा प्रकार बाळबोध समजला जातो: खुणा मोजा, टक्के काढा, झाले. पण नुसत्या टक्क्यांना फारसा अर्थ नसतो. ‘ब’चे भाडे संशोधकानेच ठरवलेले असते, ते 10 रुपयांनी कमी ठेवले असते तर टक्केही बदलले असते. अर्थ असतो जोडीतल्या फरकात. इथे 15 मिनिटांसाठी 30 रुपये, म्हणजे तासाला 120 रुपये मोजायचे आहेत. ‘ब’ निवडणाऱ्याला आपला तास साधारण त्याहून मोलाचा वाटतो, एवढेच या एका उत्तरातून कळते.

नमुना मोठा घेतला की आराखड्यातली खोट भरून निघते, हा त्याहून महागात पडणारा समज. समजा, सगळ्याच जोड्यांत मिनिटाला 2 रुपये हेच प्रमाण ठेवले. मग वेळ आणि पैसा नेहमी एकत्रच हलतात, आणि दहा हजार माणसांना विचारले तरी दोहोंचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत. हेच प्रमाण तासाला 40 ते 400 रुपयांपर्यंत पसरवले, तर काही शे उत्तरांतूनही चित्र उमटू लागते. वेगवान आणि स्वस्तही असा ‘ब’ ठेवलात तर मात्र प्रश्न वाया गेला. माणूस वाचून उत्तरे देतो की नाही, एवढेच फार तर तपासता येईल. शिवाय एका माणसाची दहा उत्तरे म्हणजे दहा माणसे नव्हेत. तशी मोजली, तर निष्कर्ष असतात त्याहून पक्के दिसतात.

मग दोन्ही पर्याय अगदी तुल्यबळ ठेवणे उत्तम, असे वाटेल. ऐकायला पटते, पण गणित वेगळे सांगते. लॉजिट मॉडेल दोन पर्यायांच्या उपयोगितेतल्या फरकावरून निवडीची शक्यता काढते. समजा, एका मिनिटाचा गुणांक उणे 0.06 आणि एका रुपयाचा उणे 0.03 आहे. भागाकार 2, म्हणून मिनिटाला 2 रुपये. वरच्या जोडीत दोन्हींची बेरीज उणे 3.9 येते, निवड पन्नास-पन्नास. आता दोन्ही गुणांक दुप्पट करा. निवड तरीही पन्नास-पन्नासच! म्हणजे लोक निवडीत किती ठाम आहेत, हे या जोडीला कळतच नाही. ‘ब’चे भाडे 35 रुपये केले, तर पहिल्या गुणांकांनी त्याला सुमारे 68 टक्के मिळतात आणि दुप्पट गुणांकांनी 82. थोडे झुकलेले प्रश्नही हवेत, ते यासाठी. दोन गटांचे गुणांक थेट शेजारी ठेवून तुलना करू नये, त्याचे कारणही हेच: फरक आवडीचा आहे की ठामपणाचा, हे नुसत्या गुणांकातून दिसत नाही, भागाकाराची तुलना मात्र करता येते.

कागदावर लोक उदार असतात, हा आक्षेप खरा आहे. 1989 मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतर अशा काल्पनिक प्रश्नांच्या उत्तरांवर कितपत विसंबावे हे तपासायला अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकेत समिती नेमली गेली. 1993 च्या अहवालात तिने ‘किती द्याल?’ऐवजी ठरावीक रकमेवर हो-नाही मत घेण्याची शिफारस केली. मात्र कागदी उत्तर नेहमी फुगतेच असे नाही. कॅलिफोर्नियातल्या टोल मार्गिकांच्या अभ्यासांत डेव्हिड ब्राऊनस्टोन आणि केनेथ स्मॉल यांना 2005 मध्ये उलटेच आढळले: काल्पनिक प्रश्नांतून निघालेले वेळेचे मोल प्रत्यक्ष वर्तनातून निघालेल्या मोलाच्या निम्म्याच्या आसपास होते.

राहिला शेवटचा मोह: याच टक्क्यांवरून उद्याची प्रवासीसंख्या सांगण्याचा. जोडीत ‘जाणारच नाही’ किंवा ‘स्कूटर काढीन’ यांना जागाच नसते. अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेचा वाटा 6.3 टक्के राहील असे आधीच सांगितले होते. अधिकृत अंदाज 15 होता आणि प्रत्यक्षात 6.2 निघाला. मॉडेल लॉजिटच्याच कुळातले, पण त्याला खाऊ घातले होते ते लोक रोज खरोखर कसे कामाला जातात याचे तपशील.