कानात आवाज कोणाचा?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचा बीप वाजला आणि तांदूळ निवडत बसलेल्या आमच्या भाचीच्या हातून ताट निसटले. सगळ्या फरशीवर तांदूळ. आम्ही हसलो. ती हसली नाही. छातीवर हात ठेवून तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "खाला, हेडसेटमध्ये कॉल यायच्या आधी अस्साच आवाज होतो."

ती रत्नागिरी जिल्ह्यातली. दोन वर्षांपासून पुण्यात आमच्याकडे राहते आणि एका ग्राहकसेवा केंद्रात रात्रपाळी करते. परदेशातले ग्राहक फोन करतात, बहुतेक जण चिडलेले असतात, काही जण शिव्या देतात. एक कॉल संपला की काही सेकंदांत पुढचा. फजरच्या सुमारास कॅब तिला दारात सोडते. आम्हांला वाटायचे, पगार चांगला आहे, बसून काम आहे, मुलीला आणखी काय हवे?

तिच्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी नव्हती असेही नाही. कंपनीने त्यासाठी खास पॉडकास्ट सुरू केला होता. दर आठवड्याला वीस मिनिटांचा एक भाग मोबाइलवर यायचा. ताण कसा ओळखावा, श्वास कसा घ्यावा, झोप कशी सुधारावी, असे विषय. बोलणारे लोक जाणकार, आवाज गोड. पण ऐकणे सक्तीचे! महिनाअखेरपर्यंत चारही भाग 'पूर्ण' दिसले नाहीत तर टीम लीडरचा मेसेज यायचा. मग आमची भाची आवाज बंद करून मोबाइल ओट्यावर ठेवायची आणि भाजी चिरायची. वीस मिनिटे झाली की भाग पूर्ण. तिच्या मैत्रिणीही तेच करायच्या.

तरीही पॉडकास्ट निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यातल्याच एका भागाने तिचे तोंड उघडले. त्या दिवशी तज्ज्ञ आले नव्हते, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या एका जुन्या टीम लीडरला बोलायला बसवले होते. तो अर्धे हिंदी, अर्धे मराठी बोलला. दोन कॉलच्या मध्ये आपण बाथरूममध्ये जाऊन रडायचो, घरी बायकोला सांगितले नाही, शेवटी डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या, आता बरा आहे, एवढेच त्याने सांगितले. भाचीने तो भाग कॅबमध्ये ऐकला, मग पुन्हा ऐकला. दुसऱ्या रात्री चहाच्या टपरीवर पाच जण त्याच विषयावर बोलत होते. तिला पहिल्यांदा कळले की छातीत धडधडणारी ती एकटी नाही.

कानात बोलणाऱ्या आवाजाची ताकद ती हीच. त्यासाठी कोणाच्या केबिनमध्ये जावे लागत नाही, कोणी बघत नाही, हात कामात असले तरी चालते. 'मला मानसिक त्रास आहे' हे वाक्य स्वतः उच्चारायच्या आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते. आणि भाषा आपली असेल तर ते खोल जाते. इंग्रजीतले 'स्ट्रेस' आणि 'बर्नआउट' तिने शंभर वेळा ऐकले होते. 'जीव घाबरा होतो' हे शब्द कंपनीत पहिल्यांदा ऐकले.

हा त्रास काही दोन-चार नाजूक मुलामुलींचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. याच संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कर्मचाऱ्याला शिकवण्याबरोबर वरिष्ठांना प्रशिक्षण द्या आणि कामाच्या ओझ्यासारखे धोके कमी करा, असेही म्हटले आहे. हा दुसरा भाग बऱ्याच कंपन्यांना अवघड जातो. पॉडकास्ट त्या मानाने सोपा आणि स्वस्त.

काम करणाऱ्याच्या कानात आवाज घालण्याची कल्पना तशी नवी नाही. सोलापूरकडच्या विड्या वळणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. हात चालू, कान मोकळे. क्यूबामध्ये सिगार वळणाऱ्या कामगारांचेही तसेच. १८६५ मध्ये हवाना शहरातल्या एका कारखान्यात कामगारांनी आपल्यातल्याच एकाला वाचून दाखवायला बसवले. त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीच्यांनी पैसे काढून ती भरून दिली. वर्तमानपत्रे वाचली जात, पुढे कादंबऱ्याही. काय वाचायचे यात कामगारांचे मत चाले. स्पॅनिश सत्ताधाऱ्यांना हे रुचले नाही आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बंदी घातली. प्रथा मात्र मेली नाही, क्यूबात ती आजही आहे. अमेरिकेतल्या टँपा शहरात क्यूबातून गेलेल्या कामगारांनी ती सोबत नेली होती. तिथे १९३१ मध्ये मालकांनी वाचून दाखवणाऱ्यांना काढून टाकले. कामगारांनी संप केला, तरी ते परत आले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आले.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. महायुद्धात, जून १९४० मध्ये, बीबीसीने कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास सलग संगीत. लोकांना तो मनापासून आवडायचा, पण हेतू उत्पादन वाढवण्याचा होता. त्यामुळे झोप आणणाऱ्या संथ चाली टाळल्या जात, आणि ज्या गाण्यावर कामगार हातातली अवजारे आपटून ताल धरतील तेही नको!

भाचीला हे दोन्ही किस्से सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "आमचा बीबीसीवाला आहे, खाला." आम्हांला हे फार नेमके वाटले. आवाज गोड की कडू, हा मुद्दाच नाही. तो कोणी निवडला आणि कोणासाठी, हा आहे. जुन्या टीम लीडरचा भाग चुकून क्यूबाच्या वळणाचा झाला होता.

ब्रिटनमध्ये विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डच्या संशोधकाने २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताण हाताळण्याचे वर्ग, ध्यानाची अ‍ॅप असे एकेकट्या माणसासाठीचे उपक्रम ज्यांनी घेतले, ते न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे आहेत असे दिसले नाही. याला अपवाद होता स्वयंसेवेच्या संधींचा. हा अभ्यास पॉडकास्टचा नव्हता, पण कामाचे ओझे तेवढेच ठेवून फक्त माणसाला श्वास घ्यायला शिकवले तर काय होते, ते त्यातून कळते.

आणखी एक गोष्ट नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावी. सर्वांसाठी खुला असलेला पॉडकास्ट नेहमीच्या अ‍ॅपवर ऐकला, तर बनवणाऱ्याला साधारणपणे एकूण किती जणांनी ऐकला एवढेच दिसते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतःच्या नावाने शिरून ऐकला, तर कोणी कोणता भाग किती मिनिटे ऐकला याची नोंद ठेवता येते. 'नैराश्य' नावाचा भाग तीनदा ऐकणाऱ्याचे नाव कोणाच्या टेबलावर जाते, हे विचारून घ्यायला हरकत नाही. भाची त्यामुळेच तो भाग मैत्रिणीच्या मोबाइलवर ऐकायची.

कंपनीला नावे ठेवून झाली, आता आमचे सांगतो. त्या संध्याकाळच्या कितीतरी आधी तिने एकदा म्हटले होते, "खाला, झोप लागत नाही." आम्ही म्हणालो, "आयतुल कुर्सी पढ आणि झोप, सगळे ठीक होईल." सल्ला वाईट नव्हता. ती पढायचीही. पण आम्ही तो सल्ला दिला तो बोलणे संपवण्यासाठी. काय होतंय, केव्हापासून होतंय, हे विचारलेच नाही. दुआ आणि दवा दोन्ही लागतात हे आम्ही साखरेच्या आजारात लगेच मानतो. मनाच्या आजारात मात्र आधी 'लोक काय म्हणतील' आणि 'तिच्या निकाहाचे काय' हेच आठवते.

तांदूळ गोळा करता करता त्या दिवशी आम्ही विचारले. कंपनीच्या पॉडकास्टच्या शेवटी समुपदेशकाचा एक नंबर असायचा. तो सकाळी दहा ते पाच चालू, म्हणजे रात्रपाळीची माणसे झोपलेली असतात नेमके तेव्हा! मग आम्ही १४४१६ लावला. हा केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा नंबर आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येते. भाची पहिली पाच मिनिटे नुसती रडली. पलीकडच्या बाईंनी तिला रडू दिले. पॉडकास्ट ते करू शकत नाही. तो बोलतो, पण त्याला कान नाहीत. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून ती सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेली. औषध सुरू झाले, झोप हळूहळू परत आली.

टपरीवरच्या त्या पाच जणांचे पुढे अकरा झाले. त्यांनी मिळून कंपनीला एक पत्र दिले. मागणी साधीच आहे. शिवीगाळीचा कॉल झाला तर पाच मिनिटे हेडसेट काढून बसता यावे, आणि ती पाच मिनिटे टार्गेटमधून वजा व्हावीत. पॉडकास्ट ऐच्छिक करावा आणि त्यात मजल्यावरच्या माणसांना बोलू द्यावे, असेही त्यांनी लिहिले. तोंडी उत्तर मिळाले की विचार चालू आहे. लेखी अजून काही आलेले नाही. पॉडकास्टची सक्ती मात्र गेल्या महिन्यापासून कोणी आठवण न काढता बंद झाली आहे.

आम्ही मायक्रोवेव्ह अजूनही बीप वाजायच्या एक सेकंद आधीच उघडतो. परवा बोलण्याच्या नादात विसरलो. बीप वाजला. भाची कामावर निघण्यासाठी आरशासमोर स्कार्फ बांधत होती. तिने पिन दातांत धरूनच सांगितले, "खाला, दूध झालं."